परिचर्याशाळेपूर्वींचा अभ्यास

अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर हें नांव मिळालें त्या जिल्ह्यांत, श्रीगोंदें तालुक्यांतील काष्टी हें गांव आहे. दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचें स्थानक लागतें. परंतु गांवाची कीर्ति पसरली आहे ती तेथें भरणाऱ्या जनावरांच्या आठवडे बाजारामुळें. या बाजारांत बैल पारखणारा शेतकरी कसा वागतो, हें पाहण्यासारखें असतें. तो प्रथम जनावराचें तोंड उघडून दांत पाहतो. बैलाच्या वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात. खालच्या जबड्यांतील आठ दुधाचे दांत जोडीजोडीनें पडतात व त्यांच्या जागीं कायमचे दांत येतात. त्या जोड्या मोजून तो जनावर आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे कीं जुळलेलें आहे, हें सांगतो. मग तो खांदा चाचपतो, खूर पाहतो, आणि शेवटीं बैलाला चार पावलें चालवून पाहतो. शरीराची घडण पाहिल्यावर त्या शरीराची क्रिया पाहिल्याखेरीज तो पैशाच्या पिशवीला हात घालीत नाहीं.

असा एखादा शेतकरी सायंकाळीं बाजारांतून घरीं परततो, आणि नुकतीच दहावी उत्तीर्ण झालेली त्याची मुलगी त्याला सांगते कीं, तिला परिचारिका व्हावयाचें आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. बाप विचारतो, शाळा कोठें आहे, वर्षें किती लागतील, खर्च किती येईल. आई विचारते, राहण्याची सोय कशी काय. हे सारे प्रश्न योग्यच आहेत. परंतु त्या शाळेच्या दारांत पाऊल टाकण्यापूर्वीं मुलीला काय येत असावें, हा प्रश्न बहुधा कोणीच विचारीत नाहीं. बैल घेतांना जी दृष्टि सहज वापरली जाते, ती मुलीच्या आयुष्याचीं चार वर्षें ठरवितांना बाजूला राहते. या न विचारलेल्या प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे.

परिचारिकेचें काम म्हणजे मायेचें काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाहीं. पण अपुरी आहे. माया असलेला हात कोठें ठेवावा, हें शरीररचनाशास्त्र सांगतें. आणि तो तेथें कां ठेवावा, हें शरीरक्रियाशास्त्र सांगतें. एक साधें उदाहरण घ्यावें. कुल्ल्यांत सुई टोचतांना ती वरच्या व बाहेरच्या चतुर्थांशांत टोचावी असें शिकवितात. कां? कारण त्याच भागांतून, थोडी खालून व आंतल्या बाजूनें, शरीरांतील सर्वांत जाड मज्जातंतु पायाकडे उतरतो. सुई चुकीच्या जागीं गेली तर त्या तंतूला इजा होऊन रोग्याचें पाऊल लुळें पडूं शकतें. औषध तेंच, सुई तीच, मायाही तीच. अंतर फक्त चार बोटांचें.

दुसरें उदाहरण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचें. त्याला ठराविक वेळानें कुशीवर वळवावें लागतें. बहुतेक ठिकाणीं दर दोन तासांनीं, असा परिपाठ आहे. माकडहाड, टाच, नितंबाचें हाड अशा जागीं त्वचा आणि हाड यांच्यामध्यें मांसाचा थर पातळ असतो. शरीराच्या भारानें तेथील बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पोंचत नाहीं आणि त्वचा मरूं लागते. हाडें कोठें वर येतात हें जिला ठाऊक आहे, ती परिचारिका जखम होण्यापूर्वींच ती जागा पाहते. जिला ठाऊक नाहीं, तिला ती जखम झाल्यावर दिसते.

तिसरें उदाहरण जुलाबाचें. जुलाब होणाऱ्या मुलाला साखर-मिठाचें पाणी कां पाजतात? आंतड्याच्या आंतील अस्तर साखर आणि मिठांतील सोडियम हीं दोन्ही एकाच वाटेनें आंत घेतें, आणि त्यांच्यामागून पाणीही आंत ओढलें जातें. नुसतें पाणी पाजल्यानें तो लाभ होत नाहीं. १९७१ सालीं बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांच्या छावणींत पटकीची सांथ आली, तेव्हां शिरेवाटे द्यावयाचें सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनीं तोंडावाटे असें पाणी देऊन असंख्य रोगी वांचविले. त्यांचा आधार होता तो आंतड्याच्या या एका क्रियेच्या ज्ञानाचा. शरीरक्रियाशास्त्र हा केवळ परीक्षेपुरता विषय नाहीं, याचा याहून मोठा पुरावा क्वचितच मिळेल.

रुग्णशय्येपाशीं जाण्यापूर्वीं हें ज्ञान मिळावें, हा विचार नवा नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नांवाची शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत १८६० सालीं निघाली. त्या काळच्या शिक्षणांत मुली वॉर्डांत काम करतां करतां शिकत. दिवसभर राबून थकलेली मुलगी रात्रीं व्याख्यान ऐकत असे. पुढें १८९३ सालीं ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीच्या अधीक्षिका रिबेका स्ट्राँग यांनीं ही रीत बदलली. वॉर्डांत जाण्यापूर्वीं मुलींनीं शरीररचना, शरीरक्रिया आणि आरोग्यशास्त्र यांचें शिक्षण घ्यावें, त्याची परीक्षा द्यावी, आणि मगच रोग्याला हात लावावा, अशी व्यवस्था त्यांनीं सुरू केली. परिचर्येपूर्वींच्या अभ्यासक्रमाचा उगम येथें आहे.

महाराष्ट्रांतही या प्रश्नाला तोंड द्यावें लागलेंच. १९०९ सालीं रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्यांत सेवासदनाचें कार्य उभें केलें आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्यानें स्त्रियांना परिचर्येचें व सुइणीचें शिक्षण मिळावें अशी खटपट केली. त्या वेळीं येणाऱ्या स्त्रियांत कित्येक विधवा होत्या, कित्येकींना अक्षरओळखही बेताची होती. लोकांच्या दृष्टीनें हें काम हलकें. घरच्यांचा विरोध वेगळाच. परंतु सेवासदनानें त्या स्त्रियांना थेट रुग्णालयांत धाडण्यावर समाधान मानलें नाहीं. प्रौढ स्त्रियांसाठीं प्राथमिक शिक्षणाचे वर्ग चालवून त्यांना पुढच्या शिक्षणाची योग्यता यावी अशी सोय तेथें केली होती. आधीं पाया, मग इमारत, हें त्या कार्यकर्त्यांनीं ओळखलें होतें. त्या काळीं पाया अक्षरांचा होता; आज तो शरीरशास्त्राचा आहे, एवढाच फरक.

आतां आजचे नियम पाहूं जातां एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत येते. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबांतील मुलीला परिचर्या शिकावयाची असेल, तर बहुतेक महाविद्यालयें तिला आधीं शरीररचना व शरीरक्रिया हा विषय प्रयोगशाळेसह दोन सत्रें शिकून यावयास सांगतात. त्यांत ठराविक श्रेणी मिळाली तरच अर्जाचा विचार होतो. आणि तो अभ्यास फार वर्षांपूर्वींचा असेल तर कित्येक ठिकाणीं तो पुन्हा करावा लागतो. आपल्याकडे असा स्वतंत्र पूर्व-अभ्यासक्रम नाहीं. हे विषय परिचर्येच्या पहिल्या वर्षांतच शिकवितात. त्यामुळें पालकांची अशी समजूत होते कीं, पूर्वतयारी लागतच नाहीं. प्रत्यक्षांत ती लागते. फक्त ती करून घेण्याची जबाबदारी विद्यालयाकडून घराकडे आलेली आहे.

देशांतील परिचर्याशिक्षणाला एकच माप असावें म्हणून १९४७ सालीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. या परिषदेच्या नियमांप्रमाणें तीन वाटा आहेत. बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्यासाठीं बारावीला पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र हे विषय आणि इंग्रजी लागतें. सर्वसाधारण वर्गांतील विद्यार्थ्याला या शास्त्रविषयांत एकूण ४५ टक्के गुण हवेत, शिवाय प्रवेशपरीक्षा असते. जी.एन.एम. हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. तो कोणत्याही शाखेच्या बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला खुला आहे, मात्र एकंदरींत व इंग्रजींत ४० टक्के गुण असावे लागतात आणि शास्त्रशाखेला पसंती दिली जाते. तिसरा ए.एन.एम.चा, दोन वर्षांचा, केवळ मुलींसाठीं. पहिल्या दोन्ही वाटा मुलांनाही मोकळ्या आहेत. प्रवेशाच्या वर्षीं ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. नियमांत फेरफार होत असतात, म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचूनच पाऊल टाकावें.

यावरून पहिला निर्णय केव्हां घ्यावयाचा हें स्पष्ट होतें. तो बारावीनंतर नव्हे, दहावीनंतरच घ्यावा लागतो. काष्टीच्या मुलीनें जवळचें महाविद्यालय, मैत्रिणींची सोबत किंवा कमी शुल्क एवढेंच पाहून कलाशाखा घेतली, तर जी.एन.एम.चें दार उघडें राहतें, पण बी.एस्सी.चें दार त्याच दिवशीं बंद होतें, आणि तें बंद झाल्याचें घरांत कोणाला दोन वर्षें कळतही नाहीं. शास्त्रशाखा घेतांना जीवशास्त्र सोडून केवळ गणिताचा गट घेतला तरी परिणाम तोच. म्हणून अकरावीचा अर्ज भरण्याची संध्याकाळ ही या साऱ्या योजनेंतील सर्वांत महत्त्वाची संध्याकाळ समजावी.

प्रवेश मिळाल्यावर वेळ किती असतो, हेंही पाहावें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या बी.एस्सी.च्या नव्या अभ्यासक्रमांत पहिल्या सत्रांत शरीररचनेला ६० तास आणि शरीरक्रियेला ६० तास दिले आहेत. म्हणजे आठवड्याला प्रत्येकीं सुमारें तीन तास. जी.एन.एम.च्या पहिल्या वर्षांत दोन्ही विषय मिळून ९० तास. एवढ्या अवधींत २०६ हाडें, शेंकडों स्नायु, हृदय, फुफ्फुसें, मूत्रपिंडें, मेंदु, अंतःस्रावी ग्रंथि, सारें यावयाचें. जोडीला परिचर्येचीं मूलतत्त्वें, समाजशास्त्र, मानसशास्त्र. त्यांत वसतिगृहाचें नवें जीवन आणि इंग्रजींतून शिक्षण. जी मुलगी हीं नांवें तेथेंच प्रथम ऐकते तिची काय धांदल होत असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. ती बुद्धीनें कमी नसते. तिला वेळ कमी पडतो. पुढें औषधांचा विषय येतो, रोगांचा येतो, शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेचा येतो. ते सर्व याच पायावर उभे असतात.

आतां ही पूर्वतयारी कशी आंखावी? पहिला टप्पा अकरावी-बारावीचा. राज्य मंडळाचीं जीं जीवशास्त्राचीं पुस्तकें २०१९ व २०२० सालीं निघालीं, त्यांत हा पूर्व-अभ्यास बराचसा दडलेला आहे. अकरावींत प्राण्यांच्या ऊती, मानवी पोषण, उत्सर्जन, सांगाडा व हालचाल. बारावींत श्वसन व रक्ताभिसरण, नियंत्रण व समन्वय, प्रजनन, आरोग्य व रोग. परिचारिका होऊं इच्छिणाऱ्या मुलीनें हीं प्रकरणें केवळ गुणांसाठीं वाचूं नयेत. त्यांची निराळी वही करावी आणि ती परीक्षेनंतर रद्दींत जाऊं देऊं नये.

दुसरा टप्पा बारावीची परीक्षा आणि परिचर्याशाळेचा आरंभ यांमधला. या महिन्यांतील बारा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस आणि दिवसाचा दीड तास, एवढें राखलें तर १०८ तास होतात. अभ्यासक्रमांतील १२० तासांच्या जवळपास. पहिल्या आठवड्यांत पेशी व ऊती. दुसऱ्या-तिसऱ्यांत हाडें व सांधे. चौथ्यांत स्नायु. पांचव्या-सहाव्यांत रक्त, हृदय व रक्तवाहिन्या, सातव्यांत श्वसन, आठव्यांत पचन. नवव्यांत मूत्रपिंडें आणि शरीरांतील पाण्याचा तोल. दहाव्यांत मेंदु, मज्जातंतु व ज्ञानेंद्रियें, अकराव्यांत अंतःस्रावी ग्रंथि व प्रजनन, बाराव्यांत उजळणी. प्रत्येक इंद्रियाची रचना व क्रिया एकाच आठवड्यांत शिकावी. रचना आज आणि क्रिया सहा महिन्यांनीं, असें केल्यास दोन्ही विसरतात. जी मुलगी कलाशाखेंतून जी.एन.एम.कडे जाणार असेल, तिनें हा क्रम बारावीच्या वर्षींच, दर रविवारीं थोडाथोडा, सुरू करावा.

वाचण्याची रीतही सांगितली पाहिजे. धमनी म्हणजे शुद्ध रक्त वाहणारी नळी, अशी व्याख्या पुष्कळ मुलें पाठ करतात. मग हृदयाकडून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या धमनीपाशीं तीं अडखळतात, कारण तिच्यांत तर अशुद्ध रक्त असतें. हृदयापासून दूर नेते ती धमनी आणि हृदयाकडे आणते ती शिरा, हें एकदां समजलें म्हणजे पाठांतराची गरज उरत नाहीं. त्याचप्रमाणें आंकड्यांना अर्थ द्यावा. हृदय एका ठोक्याला सुमारें ७० मिलिलिटर रक्त पुढें ढकलतें. मिनिटाला ७२ ठोके धरले तर हा हिशेब पांच लिटरांवर जातो, म्हणजे प्रौढ माणसाच्या शरीरांत जवळजवळ जेवढें रक्त असतें तेवढें. मूत्रपिंडें दिवसांतून सुमारें १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यांतलें दीड लिटरच्या आसपास बाहेर टाकून बाकीचें परत घेतात. हा गुणाकार आणि ही वजाबाकी मुलीनें स्वतः करून पाहावी. स्वतः केलेला हिशेब ध्यानांत राहतो.

प्रयोगशाळा नाहीं म्हणून अडून बसण्याचें कारण नाहीं. पहिली प्रयोगशाळा स्वतःचें शरीर. गळ्याखालचें आडवें हाड, गुडघ्याची वाटी, मनगटावर अंगठ्याच्या बाजूची नाडी, हीं सारीं बोटांनीं सांपडतात. आजोबांची नाडी, आईची नाडी आणि धांवून आलेल्या धाकट्या भावाची नाडी घड्याळ लावून मोजावी व तिघांत फरक कां पडला हें पुस्तकांत शोधावें. विश्रांत प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, तर तान्हें मूल त्याच्या दुप्पट-तिप्पट. शेजारच्या पाळण्याजवळ बसूनही हें पाहतां येतें. ज्या घरांत मांसाहार चालतो, तेथें खाटकाकडून बकऱ्याचें हृदय आणून तें उभें चिरून पाहावें. त्याचेही चार कप्पे असतात, झडपा असतात, आणि डावीकडची भिंत उजवीकडच्या भिंतीपेक्षां ठळकपणें जाड असते. ती जाड कां, या एका प्रश्नाच्या उत्तरांत अर्धें रक्ताभिसरण येऊन जातें.

राहिला भाषेचा अडसर. मराठी माध्यमांतून आलेल्या मुलीला विषयापेक्षां शब्दांचें भय अधिक वाटतें. त्यावर उपाय तीन रकान्यांच्या वहीचा. पहिल्या रकान्यांत मराठी शब्द, दुसऱ्यांत इंग्रजी शब्द त्याच्या बिनचूक अक्षरांसह, तिसऱ्यांत त्या अवयवाचें काम एका ओळींत. रोज दहा शब्द लिहिले तरी बारा आठवड्यांत सातशेंवर होतात. शिवाय या शब्दांचे तुकडे पडतात. 'कार्डि' म्हणजे हृदय, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'ऑस्टि' म्हणजे हाड आणि शेवटीं 'आयटिस' आलें कीं दाह. मग नेफ्रायटिस आणि हेपॅटायटिस हे शब्द कोणी न सांगतां उकलतात. संस्कृत समास सोडविलेल्या विद्यार्थ्याला हें काम मुळींच अवघड नाहीं.

या योजनेला खरा अडथळा पैशाचा नाहीं. जुनीं पुस्तकें मिळतात, वहीला फारसा खर्च नाहीं. अडथळा आहे तो दीड तासाचा. परीक्षा संपली म्हणजे मुलगी मोकळी झाली, असें घर समजतें. चूल, पाणी, गोठा, धाकटीं भावंडें आणि उन्हाळ्यांतील लग्नकार्यें तिच्या वांट्याला येतात. तिनें पुस्तक उघडलें तर, परीक्षा झाली ना, असें कोणीतरी म्हणतेंच. शहरांतील सुशिक्षित घरांतही हें वेगळें घडतें असें नाहीं; तेथें गोठ्याच्या जागीं पाहुणे असतात. कामांत हात लावूं नये असें कोणी म्हणत नाहीं. परंतु दिवसाचा दीड तास तिचा आहे, आणि त्या वेळांत तिला हांक मारावयाची नाहीं, एवढा नियम घरानें पाळला, तर त्याच्याइतकी मोठी मदत दुसरी नाहीं.

पुढें कधींतरी रात्रीच्या पाळीला तीच मुलगी एका अनोळखी माणसाच्या खाटेशीं एकटीच उभी असेल. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डांत असतील. रोग्याचा श्वास जलद झाला आहे, पायांवर सूज आहे, आणि सलाईनची बाटली वेगानें उतरते आहे. त्या घटकेला ती धार हळू करून डॉक्टरांना तात्काळ बोलवावयाचें, कीं सकाळपर्यंत नुसती नोंद करून ठेवावयाची, हें तिनें ठरवावयाचें असतें. त्या वेळीं पुस्तक उघडावयास सवड नसते. हृदय थकलें असतां शरीरांत जादा पाणी गेलें तर तें फुफ्फुसांत कसें सांचतें, हें तिला आधींच ठाऊक असावें लागतें.

काष्टीच्या बाजारांत शेतकरी दांत पाहून थांबत नाहीं. बैल चालवून पाहतो, कारण त्याचीं पुढचीं कित्येक वर्षें त्या जनावरावर अवलंबून असतात. मुलीच्या हातीं तर परक्या माणसांचे प्राण द्यावयाचे आहेत. तिच्या तयारीसाठीं अकरावीच्या अर्जापूर्वीं एक संध्याकाळ नीट विचार करावा, आणि बारावीनंतरचे बारा आठवडे तिला तिचा दीड तास द्यावा. परिचर्याशाळेपूर्वींची शाळा ती हीच. आणि ती घरांतच भरवितां येते.